निकाल जाहीर होत असताना

प्रिय लेखिके,

तुझा बिअरवरचा लेख अंतिम यादीत आला आणि बिअर व बिअर-लेखन दोन्हींच्या पुरस्कार-सोहळ्याचं आमंत्रणही हातात पडलं, हे वाचून मनापासून आनंद झाला. पण तुझ्या पत्रात लेखाबद्दल चार ओळी आहेत आणि उरलेलं सगळं पत्र एका भीतीबद्दल. तिथे सगळे एकमेकांना ओळखत असतील, मोठमोठे ब्रुअर, म्हणजे बिअर बनवणारे, असतील, ज्यांचं वाचत तू लिहायला शिकलीस ते लेखक असतील, आणि आपण भिंतीला टेकून ग्लास हातात धरून उभे राहू. त्या भीतीवर मला उपाय माहीत आहे आणि तो अगदी कामाचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

निकालाच्या आधीच्या आठवड्यात अंतिम यादी नीट वाच. तिच्यातल्या तीन-चार ब्रुअरी निवड, मिळतील त्यांच्या बिअर आण आणि लक्ष देऊन पी. टिपण ठेव. दोन-तीन लेखकांचे अलीकडचे लेख पूर्ण वाच, शेवटपर्यंत. एवढं केलंस की त्या दालनात तुझ्याजवळ विचारण्यासारखं काहीतरी खरं असेल. 'तुमच्या फिकट पिल्सनर बिअरमध्ये शेवटी जो कडवटपणा रेंगाळतो, तो उशिरा घातलेल्या हॉप्सच्या फुलांचा की पाण्याचा?' असं कोणी विचारलं की ब्रुअर हातातली प्लेट खाली ठेवतो. 'तुमची बिअर मला खूप आवडते' याला तो फक्त धन्यवाद म्हणतो, कारण त्यापुढे त्याला बोलायला काही उरत नाही.

आता पदकांविषयी. ती कशी दिली जातात हे पक्कं माहीत नसेल तर त्या रात्रीचा अर्थच लागत नाही. मोठ्या स्पर्धांमध्ये परीक्षकांसमोर येतो तो फक्त क्रमांक लावलेला ग्लास. कोणाची बिअर, कुठल्या देशाची, बाटलीवर काय चित्र आहे, काही कळत नाही. प्रत्येक ग्लास त्या त्या शैलीच्या लेखी वर्णनाशी ताडून पाहतात: रंग, फेस, गंध, कडवटपणा, तोंडात राहणारा भार. वर्ल्ड बिअर कप ही स्पर्धा 1996 मध्ये सुरू झाली आणि 2023 मध्ये तिथे दहा हजारांहून जास्त बिअर आल्या होत्या. लोकप्रिय शैलींच्या एकेका गटात शेकडो बिअर असतात आणि पदकं तीनच. काही वेळा परीक्षकांना एकही बिअर सुवर्णाच्या तोडीची वाटत नाही, तेव्हा ते सुवर्ण राखून ठेवतात आणि रौप्यापासून सुरुवात करतात. ब्रिटनमधल्या ब्रुइंग इंडस्ट्री इंटरनॅशनल अवॉर्ड्समध्ये तर परीक्षक म्हणून बसतात तेच मुळी रोज टाक्यांपाशी काम करणारे ब्रुअर.

यातून तुझ्या कामाचं काय निघतं? पदक मिळालेली बिअर उत्तमच असते, एवढं खात्रीने म्हणता येतं. न मिळालेलीबद्दल मात्र पदकांची यादी काहीच सांगत नाही. ती कदाचित चुकीच्या गटात पाठवली गेली असेल. गटाच्या वर्णनात बसण्यापेक्षा थोडी जास्त कडू असेल, आणि तोच तिचा गुण असेल. वाटेत उन्हात राहिली असेल. हॉप्सचा ताजा गंध हीच जिची जान, अशी बिअर काही आठवडे प्रवासात आणि गोदामात काढून परीक्षकांसमोर आली की पहिल्या दिवसाची राहत नाही. म्हणून निकाल जाहीर होत असताना मंचाकडे बघ, टाळ्या वाजव, पण नजर टेबलांवरही असू दे. नाव पुकारलं जाईल या आशेने खुर्चीच्या कडेला सरकून बसलेले आणि मग हळूच मागे टेकलेले लोक तुला दिसतील. त्यांच्याशी बोलायचं आहे, हे मनात नोंदवून ठेव.

विजेत्यांशी बोलू नकोस असं मी म्हणत नाही. अभिनंदन कर, मनापासून कर. पण त्यांच्याभोवती त्या रात्री गर्दी असते, फोटो असतात, आणि प्रत्येकाला एकच उत्तर द्यायचं असतं. ज्यांना काही मिळालं नाही त्यांच्याजवळ वेळ असतो आणि अनेकदा जास्त बोलण्यासारखंही असतं. बऱ्याच स्पर्धांमध्ये परीक्षकांचे लेखी शेरे नंतर ब्रुअरीला पाठवतात. तुझ्यासाठी एक प्रश्न मी राखून ठेवला आहे: 'मागच्या वेळच्या शेऱ्यांपैकी तुम्हाला कोणता पटला आणि कोणता अजूनही पटत नाही?' या एका प्रश्नावर ब्रुअर स्वतःच्या कामाकडे कसा बघतो ते पूर्ण कळतं. कोणी सांगेल की डायअसिटिलचा शेरा आला होता, म्हणजे लोण्यासारखी चव लागली होती, आणि त्यानंतर त्यांनी आंबवण्याच्या शेवटी टाकीला दोन दिवस जास्त दिले. कोणी सांगेल की परीक्षकांना जे दोष वाटलं ते त्यांनी ठरवून ठेवलेलं आहे आणि ते बदलणार नाहीत. दोन्ही उत्तरांमध्ये लेख आहे.

ब्रुअरशी काय बोलावं यावर थोडं जास्त लिहिते, कारण इथेच नवे लेखक घसरतात. त्यांना प्रेरणेबद्दल विचारलं जातं, स्वप्नाबद्दल विचारलं जातं, नोकरी सोडून या व्यवसायात कसे आलात हे विचारलं जातं. हे सगळं त्यांनी शंभरदा सांगितलेलं असतं. त्यांचा दिवस मात्र वेगळ्याच गोष्टींत जातो. या कामातला मोठा वाटा धुण्याचा आणि निर्जंतुक करण्याचा आहे: टाक्या, नळ्या, झडपा, बिअरची पिंपं. बिअर आंबवणारं यीस्ट किती पिढ्या पुन्हा वापरायचं आणि कधी नवं आणायचं, हा निर्णय असतो. लागरला, म्हणजे थंडीत हळू तयार होणाऱ्या बिअरला, शून्य अंशाच्या आसपास कित्येक आठवडे टाकीत पडून राहावं लागतं आणि तेवढा काळ ती टाकी दुसऱ्या कशालाच मिळत नाही. एल, म्हणजे जरा उबेत आंबणारी बिअर, त्यामानाने दोन-तीन आठवड्यांत बाहेर पडते. त्यामुळे एखाद्या छोट्या ब्रुअरीच्या यादीत चांगली लागर दिसली, तर तिथे कोणीतरी हिशोबाच्या विरोधात उभं राहून ती टाकी अडवून धरली आहे असं समज आणि त्याबद्दल विचार. अशा माणसाशी झालेलं बोलणं वाया जात नाही.

ऑक्सिजनबद्दल विचार. ढगाळ आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्स घातलेली एल, भरताना बिअरमध्ये विरघळलेला ऑक्सिजन अब्जात किती भाग आहे, इतक्या बारकाईने मोजतात, कारण थोडासा जास्त शिरला तरी फळांचा गंध विझतो आणि रंग मळकट होत जातो. ड्राय हॉपिंगबद्दल विचार. थंड होत आलेल्या बिअरमध्ये हॉप्स टाकले की त्यांच्यातली विकरं उरलेल्या मोठ्या शर्करांचे तुकडे करतात, यीस्ट पुन्हा जागं होतं, आणि संपलं असं वाटलेलं आंबवणं परत सुरू होतं. त्यासोबत ती लोण्याची चवही परत येऊ शकते. हे ज्याला सांभाळायला लागलं आहे त्याला तू त्याबद्दल विचारलंस तर तो तुला आपली माणसं भेटल्यासारखं बोलेल. तुला सगळं समजलंच पाहिजे असं नाही. 'इथपर्यंत कळलं, पुढचं परत सांगा' असं म्हटलेलं कोणालाही आवडतं.

आणि ब्रुअरीच्या टेबलावर फक्त मालकाकडे बघू नकोस. टेबलाच्या टोकाला बहुतेक वेळा आंबवण्याच्या टाक्या सांभाळणारी व्यक्ती बसलेली असते, प्रयोगशाळेतली असते, बाटल्या-कॅन भरण्याची यंत्रं चालवणारी असते. बिअर बिघडणार असेल तर त्यांना सगळ्यांत आधी कळतं. त्यांना कोणी काही विचारत नाही याचं मला कायम वाईट वाटत आलं आहे. पदकाच्या फोटोतही ती माणसं कडेलाच असतात. त्यांना त्यांचं काम विचार आणि लिहिताना परवानगी घेऊन त्यांचं नावही लिही.

ब्रुअर लोक एकमेकांशी कसे वागतात तेही त्या रात्री बघून घे, कारण या क्षेत्राचा स्वभाव त्यातच आहे. अमेरिकेतल्या एव्हरी आणि रशियन रिव्हर या दोन ब्रुअरींच्या लक्षात आलं की दोघांच्याही एकेका बेल्जियन धाटणीच्या बिअरचं नाव सॅल्वेशन आहे. असल्या बाबतीत वकिलांच्या नोटिसा निघतात. या दोघांनी आपापल्या बिअर एकत्र मिसळल्या आणि त्या मिश्रणाला नाव दिलं 'कोलॅबोरेशन नॉट लिटिगेशन एल'. 2018 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅम्प फायर वणव्यानंतर सिएरा नेव्हाडा या ब्रुअरीने मदतनिधीसाठी रेझिलियन्स नावाच्या बिअरची कृती सगळ्यांना खुली केली आणि चौदाशेहून जास्त ब्रुअरींनी ती बनवली. हे जिव्हाळ्याचे संबंध एका दिवसात होत नाहीत. अशाच मेळाव्यांमध्ये, निकालानंतर रिकाम्या झालेल्या टेबलाशी बसून, यीस्ट उसनं देण्याघेण्याच्या गप्पांमधून ते होतात. तू तिथे असशील तर ऐक. प्रत्येक वाक्य लिहायला घेऊ नकोस.

आता लेखकांकडे वळते. बिअरवर गांभीर्याने लिहिणारे लोक जगात मोजके आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचं पोट फक्त या लेखनावर चालत नाही. म्हणून हे लोक एकत्र येऊन संघटना करत आले आहेत. ब्रिटिश गिल्ड ऑफ बिअर रायटर्स 1988 मध्ये स्थापन झाली. तिच्या वार्षिक पुरस्कारांतला सर्वोच्च सन्मान मायकेल जॅक्सन या बिअर-लेखकाच्या नावाने दिला जातो, आणि त्याच सोहळ्यात लेखक मंडळी वर्षातल्या एका ब्रुअरचाही गौरव करतात. लिहिणारे आणि बनवणारे एका छताखाली बसतात ही पद्धत मला फार मोलाची वाटते. एकमेकांचं काम समोरासमोर पाहिल्याशिवाय दोघांपैकी कोणाचंच सुधारत नाही.

तुझ्याच गटात नामांकन असलेल्या लेखकाला शोधून काढ आणि त्याच्या लेखातली नेमकी जी जागा तुला आवडली ती त्याला सांग. लेखकांना असं क्वचितच कोणी सांगतं. पुरस्कार त्याला मिळाला तर अभिनंदन करायला पहिल्या पाच जणांत असू दे. मानधनाबद्दलही विचारायला लाजू नकोस: कुठे किती देतात, वेळेवर देतात का, प्रवासखर्च कोण करतं. ही माहिती झाकून ठेवली की तोटा लिहिणाऱ्यांचाच होतो, आणि ज्येष्ठ लेखक हे सहसा मोकळेपणाने सांगतात. एखादी संपादक भेटली तर तिथल्या तिथे लेखाची कल्पना तिच्या गळ्यात मारू नकोस. नाव सांग, काय लिहितेस ते एका वाक्यात सांग, आणि मेल पाठवू का विचार. तिला ते पुरतं.

पुढची गोष्ट मला सगळ्यांत जास्त महत्त्वाची वाटते. त्या रात्री लोक तुला आवडतील. क्राफ्ट बिअरमधली, म्हणजे छोट्या स्वतंत्र ब्रुअरींमधली, माणसं बहुतेक मोकळी, उदार आणि बोलघेवडी असतात. कोणी तुला ब्रुअरी बघायला बोलावेल, कोणी घरी बाटल्या पाठवेल, कोणी पाठीवर हात ठेवून म्हणेल की तू आमच्यातलीच आहेस. हे खरं असतं, त्यात डाव नसतो. आणि त्यामुळेच सहा महिन्यांनी त्याच माणसाच्या नव्या बिअरमध्ये तुला ओल्या पुठ्ठ्यासारखी शिळी चव लागली, की लिहिताना हात थांबतो. तुझी नाती अशी असू देत की तो हात थांबणार नाही. ते जमवायचे काही मार्ग मी वापरते. भेट आलेल्या बाटलीबद्दल लिहिलं तर ती भेट होती हे लेखातच सांगते. ज्याच्याशी घरचे संबंध झाले त्याच्या बिअरचं परीक्षण लिहीत नाही. त्याच्याबरोबर बसून मुलाखत करते आणि ओळख आहे हे वाचकाला आधी सांगते. एखादा दोष जाणवला तर लिहिण्याआधी दुसरी बाटली, वेगळ्या दुकानातून, वेगळ्या तारखेची, घेऊन बघते, कारण कधीकधी बिअर चांगलीच निघालेली असते आणि दुकानाच्या काचेमागे तापून बिघडलेली असते. मग ब्रुअरला फोन करून त्याचं म्हणणं विचारते आणि तेही लिहिते. असं वागल्यावर कोणी कायमचं रागावल्याचं मला आठवत नाही. काही दिवस अबोला राहतो, एवढंच.

भर समारंभात मात्र दोष काढत बसू नकोस. कोणी स्वतःच्या बिअरचा ग्लास तुझ्या हातात दिला आणि तिच्यात तुला काही खटकलं, तर चारचौघांत बोलू नकोस. त्याने विचारलं तर बाजूला घेऊन सांग, आणि जे लागलं तेवढंच सांग: हिरव्या सफरचंदासारखं काही, उकडलेल्या मक्यासारखं काही. कारण काय असेल ते त्याला ठरवू दे. डायअसिटिलसारखी चव काहींना अगदी थोडी असली तरी जाणवते आणि काहींना जवळजवळ जाणवतच नाही. तेव्हा आपल्या जिभेची मर्यादा ओळखून बोलावं. आणि गप्पांमध्ये कोणी व्यवसायातली अडचण सांगितली, कर्ज, विक्री, भागीदारातला वाद, तर ती छापायची नसते. छापण्यासारखी वाटली तर दुसऱ्या दिवशी फोन करून विचार: 'काल जे बोललात ते लेखात घेऊ का?' नाही म्हणाले तर विषय संपला.

पिण्याबद्दल स्पष्ट लिहिते. त्या रात्री दर टेबलावर बाटल्या उघडत राहतात आणि त्यांत बऱ्याच तीव्र असतात. पाच टक्क्यांच्या 330 मिलीलिटर बिअरमध्ये साधारण साडेसोळा मिलीलिटर शुद्ध अल्कोहोल असतं. अकरा टक्क्यांच्या इम्पीरियल स्टाउट या काळ्या, तीव्र बिअरचे शंभर मिलीलिटरचे सहा घोट-ग्लास चाखलेस तर ते 66 मिलीलिटर झालं, म्हणजे पाच टक्क्यांच्या चार पूर्ण बाटल्या, आणि तुला वाटेल की मी तर फक्त चव घेतली. थोडं ओतून घे. प्रत्येक ग्लासामागे पाणी पी. जेवल्याशिवाय सुरू करू नकोस. ग्लासात उरलेलं ओतून द्यायला कुठल्याही ब्रुअरला वाईट वाटत नाही, परीक्षक हेच करतात. घरी जायची सोय आधी ठरव आणि स्वतः गाडी चालवायची नाही.

आणि एक गोष्ट तू पत्रात विचारली नाहीस, तरी सांगते. 2021 मध्ये अनेक देशांतल्या ब्रुअरींमध्ये काम करणाऱ्या स्त्रियांनी त्यांना सोसाव्या लागलेल्या छळाबद्दल आणि अपमानाबद्दल उघडपणे सांगायला सुरुवात केली, आणि हजारोंच्या तोंडून तेच अनुभव बाहेर आले. तेव्हापासून बऱ्याच संस्थांनी आपल्या कार्यक्रमांसाठी आचारसंहिता केल्या. जाण्याआधी त्या सोहळ्याची आचारसंहिता शोधून वाच आणि तक्रार कोणाकडे करायची ते नाव फोनमध्ये ठेव. कोणाचं वागणं खटकलं तर सभ्यतेखातर तिथे थांबून राहायची काही गरज नाही, उठून दुसऱ्या टेबलाशी जा. पिंक बूट्स सोसायटी ही या उद्योगातल्या स्त्रियांची संस्था 2007 मध्ये अमेरिकेत सुरू झाली. तिच्या सभासद अशा ठिकाणी बहुधा असतातच. त्यांच्याशी ओळख कर. अडचण आली तर उपयोग होईलच, पण त्याहून जास्त म्हणजे त्यांच्यात उत्तम ब्रुअर आहेत आणि त्यांच्याबद्दल अजून पुरेसं लिहिलं गेलेलं नाही.

टिपण खोलीवर परतल्यावर लगेच कर, झोपण्याआधी. नाव, ब्रुअरी, काय बोलणं झालं आणि आपण काय कबूल केलं. हे शेवटचं विसरायचं नाही. लेख पाठवते म्हणालीस तर तीन दिवसांत पाठव. दुसऱ्या कोणाशी ओळख करून देते म्हणालीस तर करून दे. या क्षेत्रात शब्द पाळणारी व्यक्ती कोण आहे हे लवकर कळतं.

तुझा पुरस्कार आला तर मला रात्रीच फोन कर, कितीही वाजले असले तरी. नाही आला तरी कर. आणि त्या रात्री ज्यांचं नाव पुकारलं गेलं नाही अशा एका ब्रुअरकडे, ते हो म्हणाले तर, बिअर बनवण्याच्या दिवशी जाऊन ये. धान्य दळण्यापासून शेवटची टाकी धुऊन होईपर्यंत तिथे थांब. त्यांनी पहाटे बोलावलं तर पहाटे जा, आणि भिजली तरी चालतील अशी पादत्राणं घाल. त्यावर लिहिलेला पहिला खर्डा संपादकाकडे जाण्याआधी मला वाचायला पाठव.

तुझी,
ताई